चमेलीचं तेल आणि जगाची मंदी

मला मोठ्यानं घोकल्याशिवाय काही पाठ होत नसे. मनातल्या मनात वाचलेलं डोक्यात टिकायचंच नाही. त्यामुळे आरमोरीतल्या आमच्या ढिवर मोहल्ल्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, परीक्षा माझी असली तरी धडे सगळ्यांचे पाठ व्हायचे. शेजारची म्हातारी कुडावरून ओरडायची, "मास्तरीनबाईच्या आंगात आलं वाटते!" मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सातवी पास होऊन प्राथमिक शाळेत शिकवत होते नि मॅट्रिकला बाहेरून बसणार होते. मोहल्ल्यातल्या दुसऱ्या कुठल्या पोरीनं तोवर सातवीचंही तोंड पाहिलं नव्हतं, म्हणून मला थोडी मस्ती होती. थोडी कसली, चांगलीच होती.

त्या सकाळी इतिहासाचा धडा चालला होता. दोन महायुद्धांच्या मधली आर्थिक मंदी, तिची कारणे व परिणाम. मी खांबाला टेकून ओरडत होते. पहिल्या युद्धाची कर्जं फेडता फेडता देश खचले, अमेरिकेत शेअरबाजार कोसळला, कारखान्यांत नि शेतांत गरजेपेक्षा जास्त माल तयार झाला, प्रत्येक देशानं परक्या मालावर जकात वाढवली, त्यामुळे व्यापार बसला. समोर आत्या सुपात तांदूळ पाखडत होती. परिणामांपाशी आले, "शेतमालाचे व जंगलमालाचे भाव कोसळले," तसं सूप थांबलं.

"थांब वो. कोन्त्या सालची गोस्ट हाय हे?"

"एकोणतीस साली अमेरिकेत सुरू झाली. मंग दोन-तीन सालात जगभर."

आत्याचा सालांचा हिशेब आकड्यांवर चालत नसे. तिनं बोटावर तिचं लग्न धरलं, त्याच्या पुढचा पोळा धरला, माझ्या जन्मापर्यंत आली नि परत मागे गेली. मग हळूच म्हणाली, "जंगलमालात कोसा येते का?"

"येते ना."

"जगभर म्हंजे आपल्या इकडं बी?"

"जगात आपण येत नाई का आत्या?"

ती परत तांदूळ पाखडू लागली. पण नंतर दिवसभर तिनं माझ्या त्या पुस्तकाकडे असं पाहिलं की मला ते उघडायचीच भीती वाटू लागली.

आता आत्याचं सांगायला हवं. ती माझ्या बाबांची धाकटी बहीण. आई मी रांगत असतानाच गेली, मला आत्यानंच वाढवलं. पण ती आमच्या घरी होती ती काही मला वाढवायला आलेली नव्हती. तिला सासरच्यांनी आणून टाकलं होतं. का, तर तिच्यामुळे कोशाचा बाजार पडला म्हणून.

आमची माणसं पावसाळ्यापासून थंडी पडेपर्यंत रानात कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, पिकवतात. येनाच्या झाडांवर, येन म्हणजे तुमचा ऐन, अळ्या चढवायच्या नि त्या कोष विणेपर्यंत कावळ्यांपासून, मुंग्यांपासून राखायच्या. आम्ही त्या अळ्यांना नुसतं किडे म्हणतो, पण त्यांचा मान मात्र देवासारखा. राखणारा माणूस तेवढे दिवस रानातच खोप बांधून राहतो, दाढी करत नाही, मासे खात नाही, पायात काही घालत नाही, नि डोक्याला तेल लावत नाही. वास किड्यांना सोसत नाही म्हणतात. घरून जेवण घेऊन जाणाऱ्या बाईनंही कोरड्या केसांनीच आत जायचं. आमच्या पोरांनासुद्धा हे सांगावं लागत नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पोळ्याला बाबा बहिणीला भेटायला नदीपलीकडे तिच्या सासरी गेले, नि जाताना बाजारातून चमेलीच्या तेलाची शिशी घेऊन गेले. आत्या सोळा-सतरा वर्षांची. भावानं आणलेलं तेल, वास घमघमतोय, तिला काय राहवतंय! तिनं लावलं. सकाळी नवऱ्याचं जेवण घेऊन तशीच येनाखाली गेली. विसरली, दुसरं काही नाही. सासूला झाडाखाली वास आला नि बोंबाबोंब झाली. आता खरी मौज ऐका. त्या वर्षी एकही किडा मेला नाही. कोसा निघाला तो हाताएवढा, सासऱ्यानं असा कधी पाहिला नव्हता. पण घ्यायला कुणी नाही. व्यापारी आला, पोती पाहिली नि मान हलवून निघून गेला. पुढच्या वर्षीही तेच. तेव्हा सासूनं ठरवलं की देवानं किडे सोडले नि बाजार धरला. आत्याला डोंग्यात बसवून आमच्या काठाला उतरवून दिलं.

तेव्हापासून आत्यानं केसांना तेलाचा थेंब लावला नाही. लग्नाला नाही, सणाला नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला की वाळलेल्या तणसावर ठेवल्यासारखं वाटायचं. नि बाबांच्या रानात ती कधी पाऊल टाकत नसे. रानाच्या तोंडाशी एक दगड आहे, त्याच्यावर जेवणाचं गाडगं ठेवायची, "भाऊ वोऽऽ" म्हणून हाक मारायची नि परतायची. मला लहानपणी वाटायचं, हीच रीत असेल. दगडाशी थांबायची रीत फक्त आत्यासाठी आहे हे कळलं तेव्हा मी दहा वर्षांची होते.

तर त्या धड्यानं माझ्या डोक्यात आग पेटली. कावळा बसायला नि फांदी तुटायला एकच वेळ आली, नि पंचवीस वर्षं बिचारा कावळाच शिक्षा भोगतोय! मी दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याला समोर बसवलं नि धड्यातली सहाही कारणं समजावून सांगितली. शाळेत पोरांना सांगते तसं, खडूनं जमिनीवर काढून.

आत्या लक्षपूर्वक ऐकत होती. तिसऱ्या कारणाला तिनं हात वर केला.

"जास्त पिकलं म्हंते?"

"हो, गरजेपेक्षा जास्त."

"मंग लोक उपाशी काऊन मेले?"

मी म्हटलं, "भाव पडले म्हणून."

"सस्तं झालं ना मंग? सस्तं झाल्यावर तं खाले भेटाले पायजे."

मी पुस्तक उघडलं. पुस्तकात पुढचं कारण होतं. परत मागचं वाचलं. माल जास्त, म्हणून भाव कमी, म्हणून कारखाने बंद, म्हणून माणसं रिकामी, म्हणून माल घ्यायला कुणी नाही, म्हणून माल जास्त. मी फिरून तिथंच आले. मोठ्यानं पाठ केलेलं मला समजलेलं नव्हतं हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, नि मला आत्याचाच राग आला.

"तुले समजलं नाई तरी चालते," मी फणकारले. "तुह्यामुळे झालं नाई, एवढं समज!"

"पुस्तकात तसं लिवलं हाय? माह्यामुळे नाई म्हनून?"

 मी म्हटलं, कारणं सहा दिली आहेत, त्यात चमेलीचं तेल नाही. आत्या हसली. मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं नि ती उठून चुलीकडे गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "पोरी, हे त्याईच्या तोंडून आयकाचं हाय मले. सासऱ्याच्या तोंडून. एकदा म्हनाव त्यानं का पोरीची चूक नोव्हती. बस. मंग मी मरून गेली तरी चालते."

सासू तोवर वारली होती. नवरा फार आधीच माजरीच्या कोळशाच्या खाणीत कामाला गेला नि तिथंच दुसरं घर करून राहिला. राहिला तो म्हातारा सासरा. दिवाळीची सुट्टी लागली नि आम्ही निघालो. बाबा रानात होते, त्यांना सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी एकच वाक्य म्हटलं असतं, "पुस्तकातलं पुस्तकात राहू दे." या माणसानं बहिणीच्या सासरचं नाव माझ्यासमोर कधी काढलं नव्हतं. मला वाटायचं, लाज वाटते म्हणून.

वैनगंगेला पाणी बऱ्यापैकी होतं. डोंग्यात आत्या लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट ओढून बसली होती. पंचवीस वर्षांत ती नदी तिनं ओलांडली नव्हती, नि आम्ही तर नदीवरचीच माणसं. पलीकडे उतरून कोसभर चाललो. धानाच्या बांध्या पिवळ्या पडायला आल्या होत्या. मध्येच ती थांबली नि म्हणाली, "इथी एक आंबा होता वो. कुठी गेला?" मी म्हटलं, मला काय माहीत. ती आंब्याची जागा शोधत राहिली, नि मी पुस्तक बगलेत धरून उन्हात चिडत राहिले.

म्हातारा अंगणात खाटेवर बसला होता. डोळ्यांनी अधू झाला होता, पण आवाज ओळखला. आत्या "मामाजी" म्हणाली नि तो खाटेवरून उठायला गेला. मग घरातल्या कुणाला तरी म्हणाला, "पानी आना वो. आपली बाई आली." आपली बाई! माझं डोकंच फिरलं. मी पाणीही प्यायले नाही. म्हटलं, आजोबा, मी मास्तरीण आहे, हे सरकारमान्य पुस्तक आहे, ऐका. नि मी अख्खा धडा मोठ्यानं वाचला, अमेरिकेपासून शेवटपर्यंत. अंगणात पोरंटोरं जमली. म्हातारा मान हलवत ऐकत होता, कीर्तन ऐकावं तसा.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "हो. हे तं आमाले माईत होतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय माईत होतं?"

"हेच. का भाव समद्या दुनियेत पडला. कोसा घेनारा व्यापारी सोता सांगून गेला होता. म्हने, बापाहो, तुमचाच नाई, नागपूर थंडं हाय, ममई थंडी हाय, विलायत थंडी हाय. तुमचा माल चांगला हाय, पन मी नेऊन कोनाच्या मडक्यात घालू?"

"मंग आत्याले दोष काऊन देल्ला?" मी ओरडलेच.

म्हाताऱ्यानं खाटेची दोरी नखानं कुरतडायला सुरुवात केली. 

"घरात आठ तोंडं होती वो माय. धान सस्तं झालं होतं, पन सस्तं धान घ्याले बी कोसा विकला पायजे ना. लहानी दोन पोरं आंबाडीचा पाला खाऊन राहत. एक तोंड तरी कमी करा लागत होतं. मंग कोनाले धाडाव? हिले माहेर होतं. भाऊ मासे मारते, उपाशी नाई ठेवनार. पन तशीच जा म्हनलो असतो तं हे गेली नसती. उपाशी बसली असती, पन गेली नसती. म्हातारीनं तेलाचं काढलं. मी म्हनलो, चाला, हे बरं सापडलं. दोन सालानं दिवस फिरले का आनून घेऊ." दोरीचा तंतू त्याच्या बोटात तुटून आला. "मंग पोरगा खानीत गेला. आनाचं कोनासाठी?"

मी आत्याकडे पाहिलं.  ती म्हणाली, "म्हंजे तुमी माह्या केसाचं मानतच नोव्हते, मामाजी?"

"मानतो ना! मानत कसा नाई? आजबी मानतो. पन त्या साली किडे चांगले निघाले होते बाई. देव रागावला असता तं किडे मारले असते. देव बजारात कायले जाते?"

 आत्या उठली, म्हाताऱ्याच्या पाया पडली नि चालू लागली. म्हातारा मागून म्हणाला, "तुही चूक नोव्हती पोरी." पंचवीस वर्षं जे वाक्य हवं होतं ते आलं, पण ती तोवर अंगणाबाहेर गेली होती. तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मला तेव्हा काय वाटलं ते आज नीट सांगता येत नाही. मी जिंकले होते ना? पुस्तकानं सांगितलं तेच म्हाताऱ्यानं सांगितलं. त्याच्यावर भडकावं म्हटलं, तर आंबाडीचा पाला खाणारी दोन पोरं डोळ्यांपुढे येत. बरं, त्यांनी आत्याला धाडलंच नसतं, तर मला कुणी वाढवलं असतं? आई गेल्यावर बाबांनी मला कुठल्या तरी मावशीकडे टाकलं असतं, आणि शाळा कसली नि मॅट्रिक कसलं! म्हणजे अमेरिकेतला बाजार पडला म्हणून मला आई मिळाली. हा परिणाम कुठल्या क्रमांकावर लिहायचा? मी रस्ताभर हाच विचार करत होते, नि मला आत्याच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. सांगूनच टाकते, मार्चात पेपरात तो प्रश्न आलाच नाही.

डोंग्यात बसल्यावर मी म्हटलं, "आता तं बरं वाटून राह्यलं ना, आत्या? तुह्यामुळे काहीच झालं नोव्हतं."

ती पाण्यात हात घालून बसली होती. "तुले खरं सांगू?" ती म्हणाली. "दोष माहा होता ना, तवा मी कोनीतरी होती. माह्या केसाच्या वासानं बजार पडला, इतकी मी मोठी. रडत होती, पन मोठी होती. आता पाह्यलं तं मी निस्तं एक तोंड."

डोंगा हाकणारा आमच्याच मोहल्ल्यातला होता. त्यानं तोंड फिरवलं. मी पुस्तक पिशवीत खाली दाबलं, भाकरीच्या फडक्याखाली.

संध्याकाळी दगडावर जेवण ठेवायला मी गेले. आत्या डोकं दुखतं म्हणून निजली होती. बाबा आले, दाढी वाढलेली, पाय काट्यांनी फाटलेले. मी त्यांना सगळं सांगितलं, लपवाछपवी न करता. मला वाटलं, चिडतील. ते गाडग्याजवळ उकिडवे बसले.

"तेल मीच नेलं होतं," ते म्हणाले.

"माईत हाय मले."

"बजारात दोन तेलं होती. एक बिनावासाचं होतं. मी मुद्दाम वासाचं घेतलं, का बहीन खूश व्हाव." त्यांनी जेवणाला हात लावला नाही. "इतके साल मी समजून राह्यलो, का माह्या शिशीनं तिचा संसार गेला. म्हनून तिच्यासमोर तोंड उघडत नोव्हतो मी. त्याईले माईत होतं, अना आमी दोघं बहीन-भाऊ निस्ते..."

 मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. जरा वेळानं उठून म्हणाले, "उद्या तिलेच धाड. म्हनाव, भाऊ बलावते, आत घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी आत्या तयार होईना. "किडे मेले तं?" म्हणाली. मी म्हटलं, अगं तेव्हाही मेले नव्हते! ती म्हणाली, "तवा मेले नाई म्हनून आता मरनार नाई, हे तुह्या पुस्तकात कुठी लिवलं हाय?"  मी पाय आपटत गाडगं भरायला लागले. तेव्हा ती मागून आली नि माझ्या हातून गाडगं काढून घेतलं.

सकाळचं ऊन येनांच्या पानांतून पडत होतं. दगडाशी ती रोजच्यासारखी थांबली. गाडगं ठेवायला वाकलीसुद्धा. सवयीनं "भाऊ" एवढं तोंडातून निघालं. आत झाडाखाली बाबा उभे होते, हात जोडल्यासारखे, पण जोडलेले नव्हते.  आत्यानं गाडगं परत उचललं, काखेत घेतलं, डोक्यावरचा पदर मागे सारला नि डोकं माझ्यापुढे वाकवलं.

"हात लावून पाह्य वो," ती म्हणाली. "कोरडे हाय ना?"

मी हात लावला. दोन्ही हातांनी लावला. काल अख्खं जग तिच्या माथ्यावरून उतरलं होतं, आणि ती मला हे विचारत होती.

"हाय, आत्या. कोरडे हाय."

"नक्की ना?"

"नक्की."

मग तिनं चपला काढल्या, दगडाजवळ ओळीनं लावून ठेवल्या नि आत गेली.